कागदावरची फोड

नागपुरात, बर्डीहून नंदनवनकडे जाणाऱ्या शहर बसमध्ये एका अनोळखी बाईनं माझ्या तोंडासमोर संत्र्याची फोड धरली आणि मी मान फिरवली. झालं ते एवढंच. माझा एक हात वरच्या दांडीला होता, दुसऱ्या काखेत दुरुस्त करून आणलेला टेबल फॅन होता, आणि बाई बसलेली होती. साठीची असेल. मांडीवर फडकं, फडक्यात संत्री. सोलत होती, शेजारणीला देत होती, मागच्या म्हाताऱ्याला देत होती, आणि माझे दोन्ही हात गुंतलेले बघून तिनं लेकाला भरवावी तशी एक फोड सरळ माझ्या तोंडाकडे उचलली. “घे गा भाऊ,” म्हणाली. मी मान फिरवली. ठरवून नाही, धूळ आली की पापणी मिटते, तशी. “काहून गा? आंबट नाही,” बाई म्हणाली, थोडी थांबली, मग तीच फोड स्वतःच्या तोंडात टाकून खिडकीबाहेर बघू लागली. तिला काही वाटलं नसेल. सालीचा एक तुषार मात्र माझ्या डोळ्यात गेला होता आणि डोळा पुसायला हात मोकळा नव्हता. भर बसमध्ये बेचाळीस वर्षांचा माणूस काखेत फॅन घेऊन एका डोळ्यानं रडतो आहे, हे दृश्य बघायला तरी कोणी मला ओळखणारं असावं, असं वाटलं. कोणी नव्हतं. ‘काहून गा?’ अकरा वर्षांपूर्वी माझ्या संघातल्या लहानूनं हे विचारलंसुद्धा नव्हतं. तो नुसता हात पुढे करून उभा राहिला होता. आणि आता तो हुडकेश्वरच्या रस्त्याला, त्याच्या नव्या प्लॉटवरच्या दोन खोल्यांत, उजव्या अंगाला लकवा मारून पडला होता. दिवाळीपासून माझी बायको गोपिका माझ्या मागे लागली होती, “लहानूभाऊले पाहून या. डॉक्टर म्हणते दुसरा झटका आला तं काही खरं नाही. जाऊन या ना गा एकदा.” मी म्हणायचो, जातो. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगावी लागेल म्हणूनच मी तीन महिने जात नव्हतो.

एके काळी या शहरात मला बसचं तिकीट काढावं लागत नसे, हे सांगितलं तर आज माझा स्वतःचा मुलगा हसतो. चंपत काळमेघ, हँडबॉल. सलग तीन वर्षं राज्याचं अजिंक्यपद. खेळ नवा होता, शहराला तो नीट कळतही नव्हता. अर्धे लोक मला व्हॉलीबॉलवाला म्हणून ओळखायचे आणि उरलेले म्हणायचे, फुटबॉलच आहे, पण याला लाथ मारता येत नाही म्हणून हातानं खेळतो. पण ओळखायचे. पंच्याहत्तर सालच्या डिसेंबरात आम्ही तिसऱ्यांदा जिंकलो तेव्हा महालातून माझी मिरवणूक निघाली, सायकलरिक्षातून, आणि रिक्षावाल्यानं वाटेत तीनदा रिक्षा थांबवून स्वतःच्या नातेवाइकांना माझा हात दाखवला. हो, हात. तळहात बघायचे लोक. म्हाताऱ्या बाया तो उलटा करून बघायच्या, जणू त्यात चेंडू अजून असेल. न्हाव्यानं वर्षभर पैसे घेतले नाहीत. गणपतीच्या मंडळांनी नारळ फोडायला नेलं. वीज मंडळात खेळाडू म्हणून नोकरी लागली. साहेब पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे आणि पाहुणे मला ‘तो चेंडू’ कसा टाकला ते विचारायचे. तो चेंडू. नागपुरात त्याला नावच पडलं होतं, चंपतची लंगडी. अंतिम सामना, सतरा-सतरा बरोबरी, शेवटचं मिनिट, आम्हाला पेनल्टी. सात मीटरवरून एकट्यानं मारायची, समोर फक्त कीपर. सगळं मैदान समजून होतं की चंपत गोळीसारखा मारणार, सांगलीचा सहा फुटी कीपरही तेच समजून उजवीकडे झेपावला, आणि माझ्या हातातून चेंडू निघाला तो म्हाताऱ्या गाईसारखा, हळू, आडवा, दोन टप्पे खात, लंगडत लंगडत रेषेपलीकडे गेला. कीपर जमिनीवर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होता.  मग लोक जे ओरडले ते, मी लोकांना सांगतो, कामठीला ऐकू गेलं.

चेंडू तसा कसा टाकला, याच्या मी इतक्या कथा सांगितल्या की आता कुठली कोणाला सांगितली ते आठवत नाही. वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं की सासऱ्याच्या बागेत माकडांना संत्री फेकून मारताना शिकलो. माकड वेगाला फसत नाही, मंदपणाला फसतं. साहेबांना सांगितलं की रामटेकच्या पायऱ्यांवर एका बैराग्यानं मनगटाची शीर दाबून दाखवली होती. मुलांच्या शाळेत सांगितलं की कीपरच्या डाव्या मिशीत माशी बसली होती, ती मी सात मीटरवरून हेरली, आणि तो ती हाकलणार हे मला अर्धा सेकंद आधी कळलं. माशीची गोष्ट सगळ्यात लोकप्रिय झाली. मग लोक म्हणायचे, एकदा टाकून दाखवा. इथंच घोडं पेंड खायचं. मी खांद्याला हात लावायचो. खांदा दुखावला आहे, डॉक्टरनं मना केलं आहे. पुढच्या हंगामात पेनल्टी मिळाली की प्रेक्षक ‘लंगडी, लंगडी’ ओरडायचे आणि माझ्या हाताला घाम फुटायचा. दोनदा प्रयत्न केला; दोन्ही वेळा कीपरनं चेंडू एका हातानं उचलला, बाजारातल्या बटाट्यासारखा. मग मी खांद्याला पट्टी बांधली. पट्टी बांधून अठ्ठ्याहत्तर साली खेळ सोडला, सत्कार झाला, शाल मिळाली, एक वक्ता म्हणाला की दुखापतीनं एक सूर्य झाकोळला. दुखापत अशी नव्हतीच. पण इतकी वर्षं खांदा सांभाळून सांभाळून आता तो खरंच दुखतो; बसमध्ये वरच्या दांडीला डावा हात होता तो त्यामुळेच. त्र्याऐंशीत क्रिकेटचा विश्वचषक आला, आमच्या गल्लीत टीव्ही आला, आणि एका सकाळी न्हाव्यानं दाढी झाल्यावर हात पुढे केला. मी त्या हाताकडे बघत राहिलो. मला वाटलं तो माझा हात बघायला मागतो आहे.

खरी गोष्ट फार लहान आहे, म्हणून तिला आजवर कोणी विचारलं नाही. हँडबॉलचा चेंडू एका पंजात धरावा लागतो, आणि घामेजल्या हातात तो राहत नाही. परदेशात त्यासाठी काय काय डबे मिळतात म्हणे; आम्ही इतवारीतल्या जडीबुटीवाल्याकडून राळ आणायचो आणि गोडं तेल घालून चुलीवर वितळवायचो. सामन्याआधी ती बोटांना फासली की हात असा चिकट व्हायचा की कोणाशी हात मिळवला तर सोडवताना आवाज व्हायचा. सामना संपल्यावर ही राळ साबणानं निघत नाही, मातीनं निघत नाही. ती निघते संत्र्याच्या सालीनं. हे गोपिकानं शोधून काढलं. ती नरखेडकडच्या बागाईतदाराची मुलगी. तिच्या घरी सालींचा ढीगच असायचा. साल मुडपून बोटांवर पिळायची, तिचं तेल लागलं की राळ लोण्यासारखी सुटायची. दर सामन्यानंतर ती अंगणात माझे हात असे पुसायची आणि म्हणायची, “या हाताले लोक पाहाले येतेत, अन् मले तं मळच दिसते.” म्हणून मैदानावर आमचा एक कायदा होता. मध्यंतरात संत्री खायची, घसा ओला होतो. पण फेकणाऱ्यानं सालीला हात लावायचा नाही. सोलायचं कीपरनं. कीपरच्या हाताला राळ नसते. तो संत्री सोलायचा आणि आम्ही सहा जण पिलांसारखी तोंडं उघडून रांगेत उभे राहायचो आणि तो एकेकाच्या तोंडात फोड घालायचा. आमचा कीपर लहानू गजभिये. मिलमध्ये कामाला होता, सकाळपाळी करून मैदानावर यायचा. बुटका, पण मांजरासारखा. तीन वर्षं त्याच्या हातची संत्री खाल्ली मी. माझ्या वाट्याच्या फोडीतल्या बिया तो नखानं काढून द्यायचा, कारण एकदा मला धावताना बी घशात अडकून ठसका लागला होता. “मोठा शिकारी अन् बी गियते,” म्हणायचा. “आ कर बे.”

त्या अंतिम सामन्याच्या दिवशी नरखेडहून माझे सासरे महादेवराव आले होते. टोपी, कोट, आणि एसटीच्या टपावरून आणलेली संत्र्यांची टोपली. जावयाचा खेळ पहिल्यांदा बघत होते. त्यांच्यासोबत गावचे दोघे-तिघे होते. मध्यंतरात ते सगळे दोर ओलांडून आमच्या घोळक्यात आले, टोपली उघडली, आणि लहानू नेहमीसारखा खाली बसून भराभर सोलू लागला. पहिल्याला भरवलं, दुसऱ्याला भरवलं. मी रांगेत तिसरा. मला अजून ती जागा दिसते: चुन्याची रेघ, माझ्या बुटाचं टोक त्या रेघेवर, सासऱ्यांच्या जोड्यांचा कुरकुर आवाज उजवीकडून. लहानूनं बी काढली, फोड उचलली. “आ कर बे, गोड आहे,” म्हणाला. आणि मी उजवीकडे बघितलं. सासरे बघत होते की नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. गावचे ते दोघे बघत होते. त्यांच्या गावात लहानूच्या जातीतल्या लोकांना पाणी कसं वरून ओततात, ते मी लग्नात बघितलं होतं आणि नवरदेवाच्या पोशाखात गप्प बसलो होतो. मी तोंड उघडलं नाही. म्हणालो, “राहू दे, मी सोलून घेतो.” अगदी साध्या आवाजात म्हणालो. टोपलीतून संत्रं उचललं आणि राळ फासलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं सोललं. साल माझ्या पंजात पिळली गेली. जे तेल रोज अंगणात माझी राळ सोडवायचं, तेच. मला ठाऊक नव्हतं असं नाही. शहरात माझ्याइतकं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या घटकेला मला सामना आठवत नव्हता. मला फक्त इतकं हवं होतं की माझ्या तोंडासमोरून तो हात खाली जावा. तो खाली गेला नाही. लहानू फोड धरून उभा राहिला. किती वेळ? मी सगळ्या गोष्टी वाढवून सांगतो. ही मात्र मला कमीच करता येत नाही. मग त्यानं ती फोड खाली ठेवली, टोपलीत अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, नीट, नंतर कोणीतरी घेईल अशी, आणि चौथ्याकडे वळला.

दुसऱ्या सत्रात मी चेंडू कसाबसा दोन्ही हातांनी धरला. राळ फासायला पुन्हा वेळ मिळाला नाही, किंवा लहानूकडचा डबा मागायची लाज वाटली. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, मी गोळीसारखा मारायलाच हात उगारला, आणि चेंडू बोटांवरून घसरला. पुढचं जगाला ठाऊक आहे. मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून मी बघितलं की लहानू आपल्या गोलात खांबाला टेकून उभा आहे, गुडघे फुटलेले. त्या सामन्यात त्यानं एकट्यानं किती चेंडू अडवले ते आज कोणाला आठवत नाही, आणि लोकांनी मला खाली ठेवल्यावर तो आला, माझा हात हातात घेऊन दाबला, सोडला, आणि गेला. पुढच्या सामन्यापासून मध्यंतरात संत्री आली की लहानू सोलायचा, आणि सगळ्यांच्या फोडी कागदावर मांडून ठेवायचा. भरवायचा नाही. कोणी म्हणालं, “काहून बे, थकला का?” तर म्हणायचा, “आता मोठे झाले तुम्ही.” आम्ही वाकून, बैलासारखी तोंडं खाली घालून, कागदावरून खायचो. बाकीच्यांना वाटायचं, लहानूची नवी गंमत. एका हंगामानंतर त्यानं खेळ सोडला. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी महादेवराव होते, नवीन सोयरीक होती, माझा इलाज नव्हता. मग चार वर्षांपूर्वी बागेत, मोटारपंपाशी बसून बिडी ओढताना महादेवराव आपणहून म्हणाले, “जावाईबापू, त्या दिशी तुमचा तो पोरगा समद्याइले भरवत होता, तुम्ही काहून नाही खाल्लं? मले वाटलं भांडण असन तुमचं. मले देल्ली त्यानं एक. चांगला होता पोरगा.” पंपाचा आवाज चालू होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मागल्या पावसाळ्यात ते गेले, आणि ज्याच्या आडोशाला मी माझी सबब ठेवली होती ते झाडही गेलं.

नंदनवनचा स्टॉप आला आणि गेला. बाई कधी उतरली कळलं नाही. तिच्या जागेवर साली होत्या. मी शेवटच्या स्टॉपवर उतरलो, हातगाडीवरून सहा संत्री घेतली आणि सायकलरिक्षा केली. हुडकेश्वरच्या रस्त्याला तेव्हा घरं कमी आणि प्लॉटचे दगड जास्त. भागीरथा, लहानूची बायको, ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं आधी मला बघितलं, मग काखेतल्या फॅनकडे.

“टाइम भेटला वाटते भाऊजीले,” ती म्हणाली. “अन् हे काय, जानेवारीत हवा घालाले आले?”

“दुरुस्तीले टाकला होता. तिकडूनच आलो सीधा.”

“आत आहेत. बोलणं उमजत नाही लवकर. घाई नका करू जा.”

आतल्या खोलीत भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली, थोडा तिरपा, आमच्या संघाचा फोटो. बाजेवर लहानू. अर्धा चेहरा लहानूचा, अर्धा कोणीतरी झोपलेला माणूस. मी फॅन जमिनीवर ठेवला, स्टुलावर बसलो, आणि जे तीन महिने नाही, अकरा वर्षं घोकलं होतं ते सोडून हवापाण्याचं बोलू लागलो. ऑफिसचं सांगितलं. माशीची गोष्टसुद्धा काढली. शहरात ती अजून चालते, म्हणालो. लहानू माझ्याकडे बघत होता. मग सावकाश, एकेक शब्द गोळा करून तो म्हणाला, “सुटला होता.”

“काय?”

“चेंडू. हातातून सुटला होता तुया.”

मी बाजेची नवार बघत बसलो. “तुले कोणी सांगितलं?”

“हात मिळवला ना तुया संग.” त्यानं डावा पंजा उघडून मिटला. “चिकटला नाही.”

ओट्यावर तांदळाचं सूप थांबल्यासारखं वाटलं. म्हणजे त्याच दिवशी, त्याच मिनिटाला. मिरवणुकीआधी, न्हाव्याआधी, नोकरीआधी. एवढी सगळी वर्षं माझी सगळी माकडं, बैरागी आणि माश्या या माणसाच्या गप्प बसण्यावर जगत होत्या. “मग सांगितलं काहून नाही बे कोणाले?” मी विचारलं. माझा आवाज मला चोरासारखा वाटला.

 लाळ आली ती लहानूनं बाहीला पुसली. “सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तं लोकाइनं विचारलं असतं, चंपतनं संत्र कायले सोललं.”

क्षमा माग, असं माझ्या आत कोणीतरी म्हणत होतं. जन्मभर इतकं बोललो, इतक्या लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि त्या खोलीत माझ्या तोंडात एक वाक्य नव्हतं. मी पिशवीतून एक संत्रं काढलं. एका हातानं संत्रं सोलता येत नाही; म्हणून मी ते धरलं, आणि लहानूनं ते काय आहे ते ओळखून डाव्या हाताचा अंगठा देठाशी खुपसला. मी धरून राहिलो, तो सोलत राहिला. सालीचं तेल माझ्या बोटांवर उडालं, थंड. आम्ही दोघं मिळून एक संत्रं सोलायला इतका वेळ घेतला की भागीरथा दारात येऊन उभी राहिली, बघून परत गेली. लहानूनं एक फोड सुटी केली. नखानं तिची कड फाडली आणि बी काढली; एका हातानं, छातीवर टेकवून, तीन वेळा निसटली तरी काढली.  मी स्टूल पुढे ओढलं, वाकलो, आणि तोंड उघडलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, डोळे मिटून, पिलासारखं तोंड उघडून. काही वेळ तसाच राहिलो. ओठांना काही लागलं नाही. डोळे उघडले तेव्हा लहानू बाजेवरचं वर्तमानपत्र डाव्या हातानं सारखं करत होता. त्यावर, मधोमध, त्यानं ती फोड नीट ठेवली होती.

मी तोंड मिटलं. मग खाली वाकलो आणि कागदावरून ती फोड घेतली.

मी चावत असताना तो माझ्याकडे बघत होता. “गोड?” त्यानं विचारलं.

मी घास गिळला.

“आंबट आहे,” मी म्हणालो.

लहानूनं मान हलवली, आणि दुसरी फोड सुटी करायला घेतली.